सुराला धनी हवा

चित्रपटातील गाणे आणि चित्रपटाचे संगीत या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण सहसा धरून चालतो. वस्तुतः त्यांत बरेच अंतर आहे. गाणे चित्रपटातून उचलून नेता येते. ते तबकडीवर चढते, आकाशवाणीवरून ऐकू येते आणि दिल्लीच्या किंवा भोपाळच्या मंडळात गणेशोत्सवाच्या रात्री कोणी हौशी गायिका ते पेटीच्या साथीने म्हणूनही दाखविते. चित्रपटाचे संगीत असे उचलून नेता येत नाही. कोण गातो, कोणापुढे गातो, कोणत्या घडीला गातो, आणि कोणत्या घडीला कोणीच गात नाही, या सर्वांच्या परस्परसंबंधातून ते उभे राहते. हा संबंध तुटला की उरते ती नुसती चाल.

स्वभूमीपासून दूर नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींच्या वाट्याला जुन्या मराठी बोलपटांतील बहुधा ही गाणीच आली. बदलीच्या सामानात चित्रपट कधी आले नाहीत. तबकड्या आल्या, पुढे ध्वनिफिती आल्या. त्यामुळे शांता आपटे किंवा शांता हुबळीकर यांचे आवाज आमच्या घरांत टिकून राहिले, पण ते आवाज कथेतील कोणत्या स्त्रीचे होते आणि ती स्त्री कोणत्या पेचात सापडली होती, ही हकिगत मात्र मागे राहिली. मुलाबाळांना आपण वारसा म्हणून जे देतो, ते अशा रीतीने अर्धेच देत असतो. आज ते जुने बोलपट घरबसल्या, हातातल्या मोबाईलवरही पाहता येतात. तेव्हा ही उणीव भरून काढण्यास कोणतीच अडचण उरलेली नाही. या हेतूने प्रभात फिल्म कंपनीच्या तीन बोलपटांचा येथे विचार करावयाचा आहे : ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९). आमचे म्हणणे थोडक्यात असे की, संगीताकडून अर्थ वदवून घेण्याची कला या तीन चित्रांनी साधली ती सूर वाढवून नव्हे, तर प्रत्येक सुराला दृश्यात एक धनी मिळवून देऊन.

हे साधणे सोपे नव्हते, हे ध्यानी येण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा चित्रपट मुका होता, पण चित्रगृह मुके नव्हते. मूकपटाच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबला घेऊन वादक बसत आणि प्रसंगाचा रंग पाहून वाजवीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि चित्राला वाचा फुटली. ही वाचा फुटताच ती बोलण्यापेक्षा गाऊच अधिक लागली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’ या बोलपटात सुमारे ७० गाणी होती, एवढे सांगितले म्हणजे त्या वेळच्या हौसेची कल्पना येईल.

या हौसेला कारणे होती. प्रेक्षक रंगभूमीवरून आलेला होता आणि रंगभूमी गाणारी होती. मराठीपुरते बोलावयाचे तर १८८० च्या ‘शाकुंतला’पासून अण्णासाहेब किर्लोस्करांनी लावलेली गोडी दोन पिढ्यांच्या अंगात मुरली होती. नाटकात पद सुरू झाले की कथानक अदबीने बाजूला उभे राही. श्रोत्यांनी ‘वन्स मोअर’ दिला तर मरणोन्मुख नायकही पुन्हा गाऊ लागे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. प्रभातचा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली बांधणारे हेच टेंबे या बोलपटात स्वतः हरिश्चंद्राच्या भूमिकेत उभे राहिले. रंगभूमीचा वारसा पडद्यावर किती सरळ चालत आला, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

दुसरे कारण यंत्राचे होते. आरंभीच्या काळात नटाला चित्रण चालू असतानाच गावे लागे आणि साथीदार कॅमेऱ्याच्या दृष्टीआड, जवळपास दडून बसत. आवाज आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलविण्याची सोय कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘धूप छांव’ या चित्रात प्रथम उपयोगात आणली. तोवर गाणे म्हणजे नटाला एका जागी खिळवून ठेवणारी वस्तू होती. कथा थांबे, कॅमेरा थांबे आणि गाणे चाले. अशा गाण्याने कान तृप्त होत. कथेचा अर्थ मात्र जेथल्या तेथे राही.

या रिवाजाला मराठीत जो पहिला विचारपूर्वक छेद गेला, तो रंगभूमीवरच गेला. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात पदे मोजकीच होती, ती लहान होती आणि प्रसंगातून सहजपणे उगवत होती. या नाटकाचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. भोळे हे स्वतः गाणारे, त्याबरोबरच गाण्याविषयी चिकित्सक बुद्धीने लिहिणारे. गाणे कोठे असावे याइतकाच ते कोठे नसावे याचाही विचार करणारा असा संगीतकार प्रभातला मिळाला, हे मराठी बोलपटाचे भाग्य म्हणावे लागेल. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली आणि १९३४ च्या ‘अमृतमंथना’पासून भोळे तिचे संगीत पाहू लागले.

‘संत तुकाराम’ हे दामले-फत्तेलाल यांचे चित्र. यातील संगीत म्हणजे अभंग, टाळ आणि वीणा, तेव्हा त्यात संगीतकाराने वेगळे काय करावयाचे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु या चित्राच्या आरंभीच एक अशी योजना आहे की, तिच्यात साऱ्या कथेचे बीज साठविलेले आहे. तुकाराम आपल्या ध्यानात मग्न होऊन एक अभंग गातो. चाल साधी, सूर संथ. देहूच्या कोणाही कुणब्याला ऐकताऐकता म्हणता यावी अशी. लगेच आपण जातो सालोमालोकडे. तो देवळात तोच अभंग गातो. पण आता त्यात ताना आहेत, हरकती आहेत, ऐकणाऱ्यांवर छाप पाडण्याची धडपड आहे. आणि हे कवन आपलेच, असेही तो खुशाल सांगतो.

शब्द तेच आहेत. एका अक्षराचाही फरक नाही. तरी पहिल्या गाण्यात देव आहे आणि दुसऱ्यात फक्त गाणारा आहे, हे निरक्षर प्रेक्षकालाही कोणी न सांगता कळते. चोरी झाली ती शब्दांची. चाल मात्र चोराला चोरता आली नाही. भक्ती आणि भक्तीचा व्यापार यांमधील जो झगडा पुढे दोन तास चालावयाचा आहे, तो संवादाचे एक वाक्यही न घालता पहिल्या काही मिनिटांतच श्रोत्याच्या कानी घातला गेला. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सालोमालोची गायकी ही काही अंशी तत्कालीन नाट्यसंगीताचीच गायकी आहे. ज्या गायकीवर महाराष्ट्र लुब्ध होता, तीच प्रभातने ढोंगी मनुष्याच्या तोंडी घातली. गायकी वाईट म्हणून नव्हे, तर ती त्या जागी परकी म्हणून. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून आलेले नट. त्यांनी या चित्रात रंगभूमीवरील मुरके-मुरड टाकून जो साधा सूर धरला, तो पाहता हा बेत किती जाणीवपूर्वक आखला होता हे उघड होते.

याच चित्रात सालोमालो तुकारामाला भुलविण्यासाठी एका कलावंतिणीस पाठवितो. ती येते ती आपल्या गाण्याचा डौल घेऊन, आणि तुकारामाच्या गाण्यापुढे तिचे मन पालटते. हा पालट पटतो, कारण तो आधी आपल्या कानांनी ओळखलेला असतो : दोन गाणी समोरासमोर आली आणि एक गाणे दुसऱ्यात विरघळले. पुढे शांताराम आठवले यांनी या चित्रासाठी लिहिलेल्या, बीजातून वृक्ष कसा होतो हे सांगणाऱ्या पदाची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. ते इतके तुकारामाच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते मूळ गाथेतीलच मानले. शब्दांना हे श्रेय आहेच. पण तुकारामाची म्हणून जी चाल श्रोत्याच्या कानात त्या चित्राने बसविली होती, तिचाही त्यात वाटा आहे असे आम्हास वाटते. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात या बोलपटाचा गौरव झाला. मराठीचा गंधही नसलेल्या परीक्षकांपर्यंत जे पोचले, त्यात सुरांचा भाग थोडा नसावा.

‘संत तुकारामा’त सूर कोणाचा हे ओळखावयाचे होते. ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम आणि भोळे यांनी याहून कठीण पाऊल टाकले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हे चित्र निघाले. पोरक्या नीरेला तिच्या नातलगांनी फसवून वृद्ध विधुर काकासाहेबांच्या गळ्यात बांधले. तिने ते लग्न मानले नाही. आरडाओरड करून नव्हे, पळून जाऊन नव्हे, तर त्याच घरात राहून, पत्नीपण नाकारून. कथा येवढीच. अशा कथेत व्हायोलिनांना रडविण्याच्या किती जागा होत्या! परंतु या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि त्या रस्त्यावरचे : दारांची करकर, पावलांचा आवाज, वापरातल्या वस्तूंचे नाद आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. गाणी आहेत, पण त्यांनाही दृश्यातच कारण आहे. नीरा गाते ती घरातल्या माणसांत किंवा ग्रामोफोनच्या सोबतीने. मनाच्या शुद्धतेचे मोल सांगणारे प्रसिद्ध पद गातो तो रस्त्यावर हिंडणारा मुलगा, आणि त्याचा आवाज वाड्यापर्यंत येतो तो वारा यावा तसा.

हे का केले असावे, याचा विचार केला पाहिजे; कारण विषयाचे मर्म येथेच आहे. पार्श्वसंगीत नेहमी कोणाची ना कोणाची बाजू घेते. पडद्यावर स्त्री उभी आहे आणि कोठून तरी करुण सूर येतो, म्हणजे कोणी अदृश्य मनुष्य आमच्या कानाशी लागून ‘आता हिची कीव करा’ असे सांगत असतो. नीरेची कीव करणे हा तिचा अपमान झाला असता. ती कीव मागत नाही. ती न्याय मागते. उलट काकासाहेबांच्या प्रवेशाला भेसूर सूर जोडले असते तर ते खलपुरुष ठरून प्रेक्षक मोकळा झाला असता. परंतु केशवराव दाते यांनी रंगविलेले काकासाहेब हे राक्षस नाहीत. रूढीने दिलेला अधिकार बिनदिक्कत घेणारे आणि मग हळूहळू आपला अपराध ओळखणारे ते एक सभ्य गृहस्थ आहेत. संगीताने कोणाचीच बाजू न घेतल्यामुळे निवाडा करण्याची जबाबदारी आमच्यावर पडते. १९३७ साली चित्रगृहात बसलेल्या कित्येक गृहस्थांना तो निवाडा आपल्याच घराविषयी करावा लागला असेल.

आणि सूर गेल्यावर रिकाम्या जागेत काय येते? घड्याळ येते. त्याची टिकटिक तीच, पण ऐकणारे दोन आहेत. काकासाहेबांना ती सरत आलेल्या आयुष्याची मोजणी वाटते. नीरेला ती वाया चाललेल्या तारुण्याची. एका घड्याळाने जे सांगितले, ते पन्नास वादकांच्या ताफ्याला सांगता आले असते की नाही याची शंकाच आहे. नाद जितका थोडा, तितके श्रोत्याचे मन त्यात अधिक भर घालते, ही गोष्ट आमच्या कीर्तनकारांना आणि भारूडकारांना पूर्वीपासून ठाऊक होती; बोलपटाला ती नव्याने शिकावी लागली.

याच चित्रात शांता आपटे यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची जीवितविषयक इंग्रजी कविता गायिली आहे. वरवर पाहता ती एक नवलाई. परंतु त्या अंधाऱ्या वाड्यात परक्या भाषेतील ते आवेशाचे गाणे ऐकले की, नीरेचे मन कोठल्या उजेडाकडे धाव घेत आहे ते कळते. इंग्रजी न समजणाऱ्या प्रेक्षकालाही ते कळावे हीच त्या योजनेतील खुबी आहे. शब्दाचा अर्थ भाषेच्या वेशीपाशी थांबतो. गाणाऱ्याच्या स्थितीचा अर्थ ती वेस ओलांडून जातो.

भाषेच्या वेशीचा उल्लेख आला, तेव्हा ‘माणूस’कडे वळणे क्रमप्राप्त आहे. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतील मैना यांची ही कथा. दिग्दर्शन पुन्हा शांताराम यांचे. संगीत मात्र मास्टर कृष्णराव यांचे. मैनेच्या भूमिकेत शांता हुबळीकर आहेत आणि उद्याची काळजी कशाला, असे विचारणारे त्यांचे गाणे माहीत नसलेले मराठी घर विरळाच. अनंत काणेकरांच्या त्या गाण्याला देशातील इतर भाषांतील कडवीही जोडलेली आहेत. आमच्या मंडळांत ते गाणे ‘राष्ट्रीय एकात्मतेचा’ गोड नमुना म्हणून म्हटले जाते आणि टाळ्याही पडतात. प्रत्यक्ष चित्रात मात्र ते कोण गाते आणि कोणापुढे? मैना आपल्या कोठीवर, निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांपुढे ते गाते. ज्याची जी भाषा, त्याला त्या भाषेत रिझविणे हा तिच्या पोटाचा धंदा आहे. उद्याची बात कशाला, हा सवाल चैनीचा नाही. जिला उद्या म्हणून काही उरलेलाच नाही, तिचा तो आहे. चाल नाचरी आहे, आणि ती तशी आहे म्हणूनच खाली दडलेले दुःख अंगावर येते. ते गाणे तिथून उचलून आणले की नाचरी चाल तेवढी हाती लागते आणि मैना मात्र कोठीवरच राहते.

या गाण्याच्या समोर कृष्णराव आणि शांताराम यांनी दुसरा सूर ठेवला आहे. तो गणपतच्या आईच्या घरातला, देवभक्तीचा. ही आई रंगविली आहे सुंदराबाई जाधव यांनी. ठुमरी-लावणीच्या गायिका म्हणून ज्यांचे नाव दूरवर गाजले होते, त्या सुंदराबाईंनी. ज्या गळ्याने मैफली जिंकल्या, तोच येथे माउलीचे भजन गातो. आणि कोठीवरची मैना त्या घराच्या उंबरठ्याकडे आशेने पाहते. दोन सुरांतले हे अंतर तिला ओलांडता आले नाही, हीच ‘माणूस’ची शोकांतिका. ते अंतर वास्तविक गळ्यांतले नव्हते, समाजाने घातलेले होते, हे त्या पात्रयोजनेनेच जणू सांगून टाकले आहे. याच चित्रात बागेत गाणी म्हणत हिंडणाऱ्या पडद्यावरील प्रेमी जोडप्यांची थट्टाही आहे. गणपत-मैना एका चित्रणाचा देखावा पाहतात आणि त्यांच्या जिण्यापुढे ते प्रेमगीत किती पोकळ ठरते ते आपोआप दिसते. विनाकारण गायिलेल्या गाण्यावर एका बोलपटाने केलेली ही टीकाच होय.

प्रभातने ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ ही चित्रे हिंदीतही केली : ‘दुनिया न माने’ आणि ‘आदमी’. शब्द बदलले, कवी बदलले. ‘दुनिया न माने’ची हिंदी पदे मुन्शी अझीज यांनी लिहिली. पण घड्याळाची टिकटिक भाषांतरावाचून तशीच गेली, आणि घराघरांतले मौनही तसेच गेले. पुण्याच्या एका वाड्यातील पेच लाहोर-लखनौच्या प्रेक्षकाला आपलाच वाटावा, ही किमया अशाने घडली. परप्रांतात शेजाऱ्याच्या भाषेत दिवस काढणाऱ्या आम्हा लोकांना याचे मोल अधिक कळावयास हवे. शेजारच्या घरात काय चालले आहे ते आपल्याला शब्दांहून आवाजाच्या चढउतारावरून आणि मध्येच पडणाऱ्या शांततेवरून आधी उमजते, हा आपल्यापैकी बहुतेकांचा नित्याचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, ही तीन चित्रे अपवादात्मक. पुढचा प्रवाह तर पुन्हा गाण्यांच्या पुराकडेच गेला. हे खरे आहे. पार्श्वगायन रुळले, वादकांचे ताफे वाढले आणि गाणारा व दिसणारा यांची फारकत झाली. तिच्यातूनही उत्तम संगीत निपजले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अपवाद हा नियमाची परीक्षा पाहण्यासाठीच असतो. यंत्रसामग्री तोकडी असताना, प्रेक्षक गाण्यांना हपापलेला असताना, आणि स्वतःच्या कंपनीचा पहिला बोलपट संगीत नाटकाच्या वळणाचा असताना, सात-आठ वर्षांच्या आत काही माणसांनी गाण्याला विचारले : तू कोणाचे? आणि ज्या सुराला उत्तर देता आले नाही, त्याला त्यांनी दाराबाहेर ठेवले. हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. प्रभातच्या पुण्यातील आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था सुरू झाली, आणि तेथे येणाऱ्या तरुणांपुढेही तो आहेच.

आपल्यापुरते करावयाचे काम याहून लहान आहे. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मैनेचे गाणे कोणी म्हणणार असेल, तर ती कोण होती आणि तिच्यासमोर कोण बसले होते, ही दोन वाक्ये आधी सांगितली जावीत. आणि जमल्यास एखाद्या रविवारी सगळ्यांनी बसून ते सारे चित्रच पाहावे. गाणे तेच राहील. टाळ्या कदाचित थोड्या उशिराने पडतील, आणि तसे झाले तर गाणे ठिकाणावर पोचले असे समजावे.